संघ नंतर आणा, आधी त्यांना पत्ता द्या

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्यातील व्यावसायिक फुटबॉल व हॉकी संघांना हक्काचे मैदान मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्याला बायको स्मशान म्हणते. त्यात महिंद्रा युनायटेडचा विरलेला टी-शर्ट आहे, पुणे एफसीचा एक आहे, एफसी पुणे सिटीच्या दोन नारिंगी जर्सी आहेत आणि पुणे स्ट्रायकर्स या हॉकी संघाची एक टोपी आहे. हे चारही संघ आज अस्तित्वात नाहीत. कोल्हापूरचा माझा एक मित्र म्हणतो, "तू ज्या टीमचा टी-शर्ट घालतोस ती बंद पडते. आमच्या पाटाकडील तालमीचा तेवढा अंगाला लावू नको बाबा."

मी जन्माने कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, आणि गेली वीसेक वर्षे पोटापाण्यासाठी पुण्यात. खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही, कुठल्या संघटनेच्या कार्यकारिणीवर नाही. तिकीट काढून, घसा बसेपर्यंत ओरडून घरी येणाऱ्यांपैकी एक. तेव्हा या पत्रात तज्ज्ञपणा कमी आणि चिडचिड जास्त सापडली तर समजून घ्यावे.

आधी फुटबॉलचे बोलतो. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकला होता. २०१० मध्ये तो बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगच्या नव्या अवतारात, दुसरा आला, तरुण पोरांची चांगली अकादमी चालवली, आणि मोजून काही वर्षांत तोही गेला. भारत एफसी नावाचा पुण्याचा आणखी एक संघ एकच हंगाम टिकला. नाव पाठ व्हायच्या आत संपला म्हणा ना. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी खाली घसरली ती पुन्हा उठलीच नाही, आणि त्याच हंगामानंतर पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सनेही गाशा गुंडाळला. त्या वर्षी आय-लीग कोणी जिंकली? ऐझॉलने. आमच्या एका उपनगरात मावेल एवढ्या शहराने.

एफसी पुणे सिटीचे दुःख मात्र वेगळे आहे. हा संघ आयएसएलबरोबर, म्हणजे इंडियन सुपर लीगबरोबर, २०१४ मध्ये आला. पहिली काही वर्षे रडत-खडत गेली, पण २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. बालेवाडीच्या स्टेडियमवर आमचा ब्राझिलियन खेळाडू मार्सेलिन्होच्या पायात चेंडू आला की आमच्या बाजूचा सगळा स्टँड आपोआप उभा राहायचा. शेजारी बसणारे एक निवृत्त बँकवाले काका तर चेंडू त्याच्याकडे यायच्या आधीच उभे राहायचे, मागच्यांच्या शिव्या खायचे आणि बसायचे नाहीत. २०१९ मध्ये संघ बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. आमच्यातले कितीतरी खेळाडूही तिकडेच गेले. मार्च २०२२ मध्ये तोच हैदराबाद संघ आयएसएलचा चषक जिंकला. टीव्हीवर ते पाहताना आनंद मानायचा की टीव्ही बंद करायचा हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. पुढे २०२५ मध्ये हैदराबादचाही मुक्काम हलला, संघ दिल्लीला गेला आणि नावही बदलले. म्हणजे आपण पुण्यात ज्याला आपला संघ म्हणत होतो, ती मुळात बदलीची नोकरी होती.

आता याउलट कोल्हापूर बघा. तिथले संघ म्हणजे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. मूळ कुस्तीच्या तालमी. लाल माती तशीच राहिली आणि अंगणात फुटबॉल आला. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असेल त्या दिवशी पेठांतली दुकाने अर्धी उघडी असतात, कारण मालक मैदानावर आणि पोऱ्या रेडिओच्या जागी फोन कानाला लावून बसलेला. प्रेक्षकांत आजोबा असतात, नातू असतो, आणि दोघांचेही पंचाबद्दलचे मत सारखेच असते. ते मत इथे लिहिण्यासारखे नाही. या गर्दीसाठी कोणी जाहिरात केलेली नसते की सिनेनट आणलेला नसतो.

आणि या तालमी बंद का पडत नाहीत? पैसा आहे म्हणून नाही. बहुतेकांचा हंगाम पेठेतल्या वर्गणीवर, एखाद्या नगरसेवकाच्या मदतीवर आणि जुन्या खेळाडूंच्या उसनवारीवर निघतो. त्या बंद पडत नाहीत कारण त्यांना पत्ता आहे. पाटाकडील तालीम उद्या हैदराबादला जाऊ शकत नाही. ती गल्लीच आहे. संघ हरला, पैसे संपले, चार खेळाडू सोडून गेले तरी तालमीचे दार संध्याकाळी उघडतेच.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्याकडे व्यावसायिक संघांना मालक मिळतात, प्रायोजक मिळतात, कधी नट-नट्याही मिळतात. पत्ता मिळत नाही. आणि पत्ता देण्याचे सामर्थ्य मालकाकडे नसून तुमच्याकडे आहे, कारण बरीचशी मोठी मैदाने एक तर शासनाची आहेत, नाही तर महापालिकांची.

मुंबई सिटी एफसीचेच घ्या. हा संघ माझ्या आवडीचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पुणेकर असल्यामुळे तसे सांगणे भागच आहे. पण २०२०-२१ मध्ये आयएसएलच्या साखळीतले पहिले स्थान आणि शेवटचा चषक दोन्ही त्यांनी जिंकले. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवले. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब, आणि विजयाचा हेडर मारला तो मुंबईच्याच राहुल भेकेने. त्या रात्री मीही वैर विसरलो. पण याच संघाचे घरचे मैदान अंधेरीचे, काही हजार लोक मावतील एवढे. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांना घरचा सामना खेळायला पुण्यात बालेवाडीला यावे लागले, आणि सौदी अरेबियाच्या अल-हिलालसाठी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला. देशाच्या आर्थिक राजधानीचा विजेता संघ पाहुणे आले की शेजाऱ्याकडे खुर्च्या मागायला जातो. बालेवाडीच्या त्या सामन्याला मी गेलो होतो. इराणचा नसाजी संघ २-० ने जिंकला. आमचे अर्धे पुणेकर मुंबईच्या पराभवाने खूश होते आणि अर्धे एवढ्यावर खूश होते, की बऱ्याच दिवसांनी आपल्या मैदानावर खराखुरा फुटबॉल दिसला.

मोठे मैदान नसणे हा एक भाग. असलेले मैदान हाती न लागणे हा दुसरा, आणि माझ्या अनुभवात जास्त त्रासाचा. दोन वर्षांपूर्वी स्थानिक लीगचा एक सामना पाहायला मुलीला घेऊन गेलो. मैदानाचे नाव लिहीत नाही, कारण असे एकच मैदान नाही. फाटकातून आत डोकावलो तर पेनल्टी बॉक्समध्ये ट्रक उभा, आणि मांडववाले बांबू रोवत होते. राखणदार म्हणाला, "साहेब, आज मॅच नाय, कार्यक्रम आहे." संघांना कधी कळवले, असे विचारले तर म्हणाला, "ते पण आत्ताच येऊन परत गेले." पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा सामना झाला, पण बांबूंचे खड्डे मातीने बुजवलेले होते आणि एका पोराचा घोटा तिथेच मुरगळला. ज्या संघाला पुढच्या महिन्यात आपण कुठे खेळणार हे माहीत नाही, तो वार्षिक तिकिटे कशी विकणार आणि प्रायोजकाला काय दाखवणार?

म्हणून मागणी अशी : जो क्लब शहराचे नाव लावतो आणि लीगमध्ये खेळतो, त्याला मैदान किमान दहा वर्षांच्या कराराने, परवडेल अशा भाड्यात द्या. हंगामाच्या तारखा आधी राखून ठेवा, आणि त्या तारखांना मैदानात सभा, संगीतरजनी, प्रदर्शन काहीही नको. बदल्यात क्लबकडूनही लिहून घ्या. दहा वर्षांत शहर सोडायचे झाले तर शासनाला दंड भरायचा. अकादमी त्याच जिल्ह्यात चालवायची. क्लबच्या बैठकीत प्रेक्षकांचा एक माणूस बसवायचा, निदान चहा प्यायला तरी. कागदावर हे किचकट वाटेल, पण एखादा भूखंड देताना तुमचे अधिकारी याच्या दसपट अटी घालतात.

हॉकीबद्दल थोडक्यात लिहिणार होतो, पण हात थांबत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक खेळला. ज्या राज्यात खडकी आहे त्या राज्याचा एकही संघ आज हॉकी इंडिया लीगमध्ये नाही. पूर्वी होते. प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होता. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स अंतिम फेरीपर्यंत गेला (माझी टोपी तेव्हाची). २०१३ मध्ये मुंबई मॅजिशियन्स आला आणि दोन हंगामांत गायब झाला. त्याच्या जागी दबंग मुंबई आला, तो २०१७ ची अंतिम लढत खेळला, आणि त्यानंतर लीगच बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते. बंगाल, तमिळनाडू, हैदराबाद, दिल्ली सगळे होते. आपण नव्हतो. महिलांच्या चार संघांतही नव्हतो.

याची टोचणी मला २६ जानेवारी २०२५ ला रांचीत झालेल्या सामन्याने लागली. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना, ओडिशा वॉरियर्सने तो २-१ ने जिंकला, आणि ते दोन्ही गोल ऋतुजा पिसाळचे. ऋतुजा आपल्या सातारा जिल्ह्यातली. माझी मुलगी शाळेत हॉकी खेळते. तिने दुसऱ्या दिवशी ऋतुजाची जर्सी मागितली, आणि ती जर्सी ओडिशाची होती. ओडिशाचा मला राग नाही, उलट हेवा वाटतो. त्या राज्याने २०१८ पासून भारतीय हॉकी संघाचे प्रायोजकत्व घेतले, दोन विश्वचषक भरवले, राउरकेलासारख्या गावात जगातले एक मोठे हॉकी स्टेडियम उभे केले. महाराष्ट्र ओडिशापेक्षा गरीब आहे असे मी तरी कुठे वाचलेले नाही.

गुणी पोरे शोधण्यात आपण कमी पडतो असे मी म्हणणार नाही. तुमच्याच खात्याच्या क्रीडा प्रबोधिनीने कोल्हापूरचा फुटबॉलपटू अनिकेत जाधव घडवला, तो २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला. पण पुढे तो जमशेदपूरला, हैदराबादला, कोलकात्याला खेळत राहिला. आपण रोप तयार करतो आणि कुंडीसकट शेजाऱ्याला देऊन टाकतो.

१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला. हजारो लोक आले, मंत्रिमहोदयही बरेच होते. मीही टीव्हीसमोरून हललो नाही, खोटे कशाला बोलू. पण त्या दिवशी देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग, म्हणजे आयएसएल, जुलैपासून ठप्प होती, कारण फुटबॉल महासंघ आणि व्यापारी भागीदार यांचा करार संपत आला होता आणि पुढचे काही ठरत नव्हते. त्या महिन्यांत आमच्या ओळखीचा एक व्यावसायिक खेळाडू टर्फवर कंपन्यांच्या सामन्यांत पैसे घेऊन खेळत होता. नाव सांगणार नाही, त्याला लाज वाटते. लाज त्याला का वाटावी, हे मला कळलेले नाही.

कोल्हापुरातले दोषही मला ठाऊक आहेत. हुल्लडबाजी होते, बाटल्या पडतात, पोलिसांना मध्ये पडावे लागते, कधी हंगामच थांबतो. पण याला उपाय स्टेडियम बंद करणे हा नाही. राज्याची स्वतःची फुटबॉल लीग काढा, केरळने २०२४ मध्ये सहा संघांची काढली तशी, आणि त्यात कोल्हापूरला एक संघ द्या. आठवड्याला एक सामना घरी, एक बाहेर. पेठ विरुद्ध पेठ भांडणारी पोरे नागपूरविरुद्ध एका आवाजात ओरडतील. निदान शिव्या तरी एकाच दिशेने जातील.

कधी सवड काढून शाहू स्टेडियमवर या. मानाच्या खुर्चीवर नको, पायऱ्यांवर बसा. दुपारचा सामना असेल तर बुडाखाली घ्यायला वर्तमानपत्र आणा, पायऱ्या तापतात.

आपला,
एक तिकीटवाला प्रेक्षक
शिवाजी पेठ, कोल्हापूर (सध्या पुणे)

ता. क. पुढच्या हंगामात आमच्या जवळच्या मैदानावर कोणत्या तारखांना सामने आहेत आणि कोणत्या तारखांना मांडव, हे कोणत्या खिडकीवर विचारायचे तेवढे कळवावे. मुलीला पुन्हा एकदा न्यायचे आहे.