खुब्याचे फ्रॅक्चर, भूल आणि वाट पाहण्याचे तास : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री

महोदय,

खुब्याचे किंवा मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांना शस्त्रक्रियेसाठी भूल देणे हे माझे नित्याचे काम आहे. शस्त्रक्रियेआधी नातेवाईक हमखास विचारतात, "पूर्ण भूल देणार की पाठीत इंजेक्शन?" या वयात पूर्ण भूल सोसणार नाही, असे बहुतेकांनी आधीच धरून ठेवलेले असते आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांतही ही समजूत बरीच वर्षे मुरलेली होती. अमेरिका व कॅनडातील १,६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिगेन' चाचणीत मात्र, ६० दिवसांच्या आत दगावलेल्या किंवा काठी-वॉकर घेऊनही दहा फूट चालू न शकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण पाठीतल्या भुलीत १८.५ टक्के, तर पूर्ण भुलीत १८.० टक्के निघाले. शस्त्रक्रियेनंतर भ्रम होण्याचे प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.

म्हणून सरसकट एकाच भुलीचा आग्रह धरणारा नियम कृपया करू नये. रक्त पातळ करणारी काही औषधे चालू असतील, तर पाठीत सुई घातल्याने मणक्यात रक्त साचून पायांतली शक्ती जाण्याचा धोका असतो. अशा वेळी औषधाचा परिणाम ओसरेपर्यंत दिवसचे दिवस थांबण्यापेक्षा पूर्ण भूल देऊन मोकळे होणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. फुप्फुसे फार कमजोर असतील, तर कल उलट दिशेला जातो. हा निर्णय रुग्ण आणि भूलतज्ज्ञ यांनी बोलून घ्यायचा आहे.

माझा खरा आग्रह त्याआधीच्या तासांविषयी आहे. पाठीत भूल देण्यासाठी रुग्णाला बसवावे किंवा कुशीवर वळवावे लागते. मोडलेल्या खुब्यासह ऐंशी वर्षांच्या आजींना वळवताना त्या परिचारिकेचे मनगट कसे आवळून धरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याच आजींना आधी जांघेजवळ, सोनोग्राफीत बघून, नसांभोवती बधिरीकरणाचे इंजेक्शन (आमच्या भाषेत 'ब्लॉक') दिले, तर अर्ध्या तासात वेदना इतकी उतरते की वळवताना त्या आमच्याशी बोलत असतात. हा ब्लॉक अपघात विभागातच, एक्स-रे झाल्या झाल्या देता येतो आणि प्रशिक्षण मिळालेला कोणताही डॉक्टर तो देऊ शकतो. त्याने भ्रमाचा धोकाही कमी होतो.

दुसरा विलंब 'फिटनेस'चा. हृदयाची तपासणी गरजेची असेल तेव्हा अवश्य व्हावी, पण तिच्या अहवालासाठी दोन-दोन दिवस खाटेवर पडून राहणाऱ्या वृद्धाला न्यूमोनिया आणि शय्याव्रण गाठतात. (अहवाल आल्यावर भुलीचा बेत क्वचितच बदलतो, हा माझा अनुभव.) ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेची मार्गदर्शिका दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी असे सांगते. आपल्या खात्याने तीच मुदत घालून द्यावी आणि प्रत्येक अपघात विभागात हा ब्लॉक देऊ शकणारा डॉक्टर चोवीस तास असेल, अशी व्यवस्था करावी.

आमच्या केसपेपरवर भूल कोणती दिली याचा रकाना आहे. ब्लॉक किती वाजता दिला, याचा नाही. आपल्या एका परिपत्रकाने तो सुरू होऊ शकतो.

आपला नम्र,
एक भूलतज्ज्ञ