लाल रेघेतलं सोनं

घणसोली

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, सोन्याचं पाणी लाल कसं, हे फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहिते.

करोनाच्या किटवरची गुलाबी रेघ आठवते ना? अशा बहुतेक पट्ट्यांत ती रेघ सोन्याच्या कणांची असते. कण साधारण ४० नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरवर ओळीने २५,००० बसतील. इतक्या बारीक कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात आणि त्यातला हिरवा भाग गिळतात. उरतो तो लाल. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५७ साली असं लाल सोनं अभ्यासलं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत.

हे लाल पाणी करायची कृती टर्केविच या शास्त्रज्ञाची, १९५१ सालची. क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे सोनं ज्यात विरघळलेल्या रूपात असतं त्याचं, १ मिलिमोलर (हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) १०० मिली द्रावण घ्यायचं. त्यात सोनं जेमतेम २० मिलिग्रॅम. आई, तुझ्या हिशेबात गुंजेचा सहावा भाग! खळखळून उकळी आली की जोरात ढवळत ३८.८ मिलिमोलर सोडियम सायट्रेट १० मिली, एकदम ओतायचं. विरघळलेल्या सोन्याचे कण तेच बनवतं. थेंबथेंब टाकलं तर सगळे कण एकाच वेळी तयार होत नाहीत आणि लहानमोठे निघतात. पिवळा रंग उडतो, काळसर निळा येतो आणि काही मिनिटांत द्रावण कोकम सरबतासारखं लाल होतं. हे कण १३ नॅनोमीटरच्या आसपासचे. सोन्याच्या मानाने सायट्रेट कमी केलं की कण मोठे होतात, हे फ्रेन्स या संशोधकाने १९७३ मध्ये दाखवलं. पट्टीसाठी तेच करतात.

बिघडतं ते बहुधा भांड्यामुळे. काच आधी अम्लराजाने धुवावी लागते: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. ते ताजंच करायचं आणि बाटलीत कधीही झाकून ठेवायचं नाही, कारण वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. स्टीलचा चमचाही चालत नाही, सोनं त्याच्यावरच उतरतं. नळाचं पाणी तर नकोच. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण भार असतो, म्हणून कण एकमेकांपासून लांब राहतात. पाण्यातले क्षार तो भार झाकतात, कण चिकटतात आणि द्रावण निळं पडतं.

मला यातलं सर्वांत आवडतं ते हे, की हाच दोष पुढे कसोटी म्हणून वापरता येतो. पट्टीसाठी कणांवर अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला धरणारं प्रथिन, चढवल्यावर थोड्या नमुन्यात १० टक्के मिठाचं पाणी घालायचं. लाल राहिलं तर प्रथिनाचं कवच पुरेसं आहे. निळं झालं तर अँटिबॉडी कमी पडली किंवा पीएच (द्रावणाची आम्लता) चुकला. पट्टीवर विषाणूचा अंश सापडला की हेच कण चाचणीच्या रेघेवर अडकतात, उरलेले पुढे कंट्रोलच्या, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणाऱ्या रेघेवर.

तेव्हा कपाटात एखादं किट उरलं असेल तर आधी त्याची मुदत बघा. पाकीट वापरण्याच्या वेळीच फोडा. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडी पट्टी दमट होते, मग कण नीट सुटून वाहत नाहीत. कंट्रोलची रेघ उमटली नाही तर ती चाचणी बाद समजा, निगेटिव्ह नव्हे. आणि दिलेली वेळ उलटून गेल्यावर दिसलेली फिकट रेघ धरू नका. पट्टी वाळताना तशी उमटू शकते.

तुमची लेक