कॅप्टनला त्याचं काम करू द्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
स. न. वि. वि.

मी लष्करातून निवृत्त झालेला अधिकारी. मुख्यालयांत स्टाफवर, म्हणजे नियोजनाच्या आणि आदेश लिहिण्याच्या कामावर, येणाऱ्या तरुण कॅप्टनांविषयी कळकळीने लिहितो आहे.

पलटणीत गस्ती नेणारा, जवानांच्या सुखदुःखात राहणारा चार-पाच वर्षांच्या नोकरीचा पोरगा एके दिवशी ब्रिगेड मुख्यालयात जीएसओ-३, म्हणजे कनिष्ठ स्टाफ अधिकारी होतो. हे काम शिकवणारा वेलिंग्टनच्या संरक्षण महाविद्यालयाचा स्टाफ कोर्स अजून लांब, तोही स्पर्धा परीक्षेत निवड झाली तर. आधीचा अधिकारी घाईने चार्ज देऊन गेलेला. मग हा शिकतो जुन्या फायलींवरून आणि अनुभवी क्लार्ककडून.

एका मुख्यालयात पाहिलेलं सांगतो. वाहनताफ्याच्या हालचालीचा आदेश कॅप्टनने लिहिला. तो तीन टेबलांवरून पाच वेळा परत आला. कारणं काय, तर मार्जिन, परिच्छेदांचे क्रमांक, नकाशावरच्या बाणाचा रंग. वाटेतला पूल भरलेल्या गाड्यांचं वजन पेलेल का, हा प्रश्न त्याने पेन्सिलीने कडेला लिहिला होता. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या वेळी त्याने तसं काही लिहिलंच नाही.

वरिष्ठांनाच दोष देऊन भागणार नाही. हाताखालच्याच्या एका चुकीने आपला गोपनीय अहवाल बिघडेल, ही धास्ती त्यांना असते.

पण सगळं आपल्याच हाती ठेवण्याच्या या सवयीची किंमत आपण मोजली आहे. १९६२ साली चीन युद्धाच्या तोंडावर कोअर कमांडर जनरल कौल स्वतः सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठी जाऊन तुकड्या हलवत होते. २० ऑक्टोबरला तिथली ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. उलट १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानने हल्ला केलेल्या जम्मूतल्या छांबमध्ये हवाई दलाची मदत हवी होती, तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला. विमानं कशी वापरायची ते हवाई दलावर सोडलं. त्याच संध्याकाळी विमानं उडाली. आज त्या खुर्चीवर आपण आहात.

म्हणून मागणी एवढीच, की स्टाफवर जाण्याआधी प्रत्येक कॅप्टनला छोटं, सक्तीचं प्रशिक्षण मिळावं आणि जुन्या अधिकाऱ्यासोबत काही आठवडे काम करता यावं. त्याचा मसुदा एकाच वरिष्ठाने तपासावा, दुरुस्तीचं कारण समोर बसवून सांगावं. कोणते निर्णय त्याचे, हे लेखी ठरावं. आणि वरिष्ठाच्या गोपनीय अहवालात एक रकाना असावा : याने किती कनिष्ठांना स्टाफचं काम शिकवलं?

कळावे,
आपला,
एक निवृत्त लष्करी अधिकारी, पुणे