एकच कमांड, चाळीस फोल्डर

महोदय,

चादरी-टॉवेलच्या डिझाइनच्या फाइली असोत वा सॉफ्टवेअरचे प्रकल्प, चाळीस फोल्डर एकेक उघडून तीच कमांड हाताने दिली की एखादे हमखास सुटते. लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'फॉर' लूप त्यासाठीच आहे: तो तीच कमांड प्रत्येक फोल्डरसाठी पुन्हा चालवतो. पण तो जपून लिहावा लागतो.

सर्वांत घातक चूक 'सीडी' या फोल्डर बदलण्याच्या कमांडची. फोल्डर बदलणे फसले तरी पुढची कमांड चालतेच, आणि तीही भलत्याच जागी. ती पुसण्याची असेल तर नुकसान भरून येत नाही. म्हणून 'सीडी' आणि कमांड यांच्यामध्ये && द्यावे, म्हणजे पहिली जमली तरच दुसरी चालते, व दोन्ही मिळून गोल कंसात घ्यावे; मग पुढच्या फेरीला शेल मूळ जागीच राहतो. 'नवी ऑर्डर' अशा नावाचे मोकळ्या जागेपाशी दोन तुकडे पडतात, तेव्हा नाव धरून ठेवणारे व्हेरिएबल दुहेरी अवतरणात हवे. गिट या प्रकल्पातले बदल नोंदवणाऱ्या साधनाला 'सीडी' लागतच नाही: आवृत्ती १.८.५ पासून मोठ्या 'सी'च्या (-C) पर्यायापुढे फोल्डर देता येते.

लूप जमला की फसला हा निकाल फक्त शेवटच्या फेरीचा असतो. मधली फसलेली फोल्डरे कळायला त्यांची नावे वेगळ्या फाइलीत लिहावीत. घाई असेल तर यादीतल्या नावांवर कमांड चालवणाऱ्या 'एक्सआर्ग्ज'ला मोठा 'पी' (-P) व ४ देऊन चार कामे एकदम चालतात, मात्र पडद्यावरच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

आधी कमांडपुढे 'इको' लावून पाहावे; मग ती न चालता फक्त पडद्यावर दिसते. कमांडमध्ये निकाल फाइलीत लिहिणारे > असेल तर मात्र 'इको' लावूनही फाइलीतला जुना मजकूर पुसला जातो!

सोलापुरातल्या महाविद्यालयांनी लिनक्सच्या प्रात्यक्षिकांत ही फसणारी उदाहरणे जरूर घ्यावीत.

– एक वाचक, सोलापूर