मंत्रीसाहेब, टक्के नंतर काढा, आधी पोरं वेळेत ओळखा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला जि.प. शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वर्गातली निम्मी पोरं घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलतात, बाकीची अहिराणी. दिव्यांगांसाठी डिसेंबर २०२२ पासून वेगळा विभाग झालाय हे माहितीये, तरी पत्र तुम्हालाच लिहितेय, कारण बौद्धिक दिव्यांगत्व ओळखायचं काम अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या गाडीपासून ते सिव्हिल हॉस्पिटलात दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापर्यंत सगळं तुमच्याच खात्याकडे आहे आणि गडबड तिथेच आहे.

गडबड अशी की आमच्याकडे ही पोरं सापडतात तेव्हा आठ-दहा वर्षांची झालेली असतात, आणि सापडतात तीही कुणाला तरी कागद हवा असतो म्हणून. संजय गांधी निराधारला दाखला लागतो, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र लागतं, किंवा पाचवीची परीक्षा परत आलीये तर गुरुजी म्हणतात बघा बरं याचं काहीतरी. तोपर्यंत घरात "पोऱ्या भोळा शे, मोठा व्हयना का सुधरी जाई" एवढंच चाललेलं असतं. भगताचा दोरा बांधून झालेला असतो, कानबाईला नवस बोलून झालेला असतो. मी त्या मायला नावं ठेवणार नाही, तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नाही तर ती काय करणार.

आणि गोष्ट तशी समजायला अवघड नाहीये. तीन गोष्टी लागतात. बुद्धीचं काम, म्हणजे शिकणं, समजणं, हिशोब लावणं, वयाच्या मानाने बरंच मागे पाहिजे. रोजच्या जगण्यातली कामं, म्हणजे जेवण, कपडे, बोलणं, पैसे, चार माणसांत वागणं, तीही मागे पाहिजेत. आणि हे लहानपणापासूनचं पाहिजे, मोठेपणी डोक्याला मार लागून झालेलं यात येत नाही. या तिन्ही गोष्टी असल्या तरच बौद्धिक दिव्यांगत्व म्हणायचं, पण आमच्याकडे सगळे फक्त पहिल्या गोष्टीवर अडकतात. आयक्यू किती? सत्तरच्या खाली? मग झालं, लावा शिक्का. हा काही मानसिक आजारही नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो वेगळा काढलाय, तरी लोक आजही वेडसर म्हणून मोकळे होतात. आणि ज्या पोराला नुसतं वाचता येत नाही पण बाकी सगळ्यात हुशार आहे त्याचा प्रकार निराळाच, अध्ययन अक्षमता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तो वेगळा धरलाय.

यातली साधारण ८५ टक्के मुलं सौम्य गटातली असतात. ती चेहऱ्यावरून कळत नाहीत. चालतात, बोलतात, हसतात, प्रार्थनेला रांगेत उभी राहतात आणि मागच्या बाकावर गप बसतात, म्हणून गाडीतल्या डॉक्टरांनाही दिसत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, अंगणवाडीला वर्षातून दोनदा, शाळेला एकदा तपासणी, आणि विकासातला उशीर शोधणं त्यांच्या कामातच लिहिलंय. योजना चांगलीये, खरंच. पण प्रत्यक्षात एका सकाळी सगळी अंगणवाडी उरकायची असते, मग वजन होतं, दात होतात, डोळे होतात, जंताची गोळी झाली का विचारतात, आणि पोरगं बोलतं का, स्वतःच्या हाताने खातं का, हे विचारायला मायच तिथे नसते, ती गेलेली असते कापूस वेचायला. मग विचारणार कुणाला?

मायच्या हातात एक कार्ड असतं, माता बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाचं म्हणून सगळे ओळखतात. त्यात बाळ कधी काय करायला लागतं याची चित्रं आहेत. मान तीन-चार महिन्यांत धरली पाहिजे, आधाराशिवाय बसणं आठ-नऊ महिन्यांत, दीड वर्षापर्यंत चालणं आणि दोन-चार शब्द, दोन वर्षांला दोन शब्द जोडून बोलणं. एखाद-दुसरी गोष्ट उशिरा झाली म्हणून लगेच काही होत नाही, पण सगळंच मागे पडत असेल तर बघायला हवं. ते पान कुणी उघडत नाही साहेब. लस दिली, तारीख टाकली, कार्ड परत पिशवीत. आशाताईंना त्या पानासाठी वेगळा मोबदला आणि वेगळी वेळ द्या, बघा किती पोरं दोन वर्षांच्या आतच समोर येतात.

वेळेचा एवढा आग्रह का, तर काही ठिकाणी खरंच सगळं त्यावरच असतं. जन्मतः थायरॉइड कमी असणारं बाळ आपल्या देशात साधारण हजारात एक जन्मतं. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी केली की कळतं, थायरॉइडची गोळी स्वस्त आहे, आणि पहिल्या दोन आठवड्यांत चालू केली तर बहुतेक पोराची बुद्धी वाचते, महिने गेले की गेलेलं परत येत नाही. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंत झालेली बाई कधी एकदा घरी जाते असं करते, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाळंतपण घरीच झालं तर विषयच संपला. प्रत्येक बाळाची ही तपासणी तुम्ही धुळे, नंदुरबार, जळगाव तिन्ही जिल्ह्यांत सक्तीची करू शकता. बाळंतपणात बाळाला श्वास न मिळणं, कावीळ डोक्यात जाणं, आईला आयोडीन कमी पडणं, यातलंही पुष्कळ टाळता येतं. डाऊन सिंड्रोमसारखं जे टाळता येत नाही तिथेही लवकर कळलं तर पोराला बोलायला, हाताने खायला शिकवायची वर्षं हातात राहतात.

आता चाचणीकडे येते, माझा खरा राग तिथे आहे. बुद्धी मोजायची बिने-कामत चाचणी कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडला मराठी आणि कानडी पोरांसाठी बसवली, सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड मोजपट्टी डॉ. मालिन यांनी नागपुरात भारतीय पोरांसाठी बदलून घेतली. मोठी कामं आहेत ती. पण पावरी पोर पहिल्यांदा जिल्ह्याच्या दवाखान्यात येतं, एसटीत उलटी करून आलेलं, समोर अनोळखी मॅडम पुस्तकी मराठीत विचारतात, ते खाली बघत बसतं, आणि त्याचा आकडा येतो! आमच्या शाळेतली एक मुलगी अशीच एका सरकारी दवाखान्यातून "मध्यम" बौद्धिक दिव्यांग ठरून आली होती. ती रोज संध्याकाळी बकऱ्या मोजून गोठ्यात घालते, एक कमी निघाली तर परत शोधायला जाते, दुकानातून चहापत्ती आणताना सुटे पैसे बरोबर आणते. पुढे कान तपासले तेव्हा कळलं तिला कमी ऐकू येतं. कान आणि डोळे आधी तपासायचे हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं, मग आमच्याकडेच का राहतं?

उलटंही होतं. व्हाइनलँडचे प्रश्न मायलाच विचारायचे असतात, पोरगं काय काय करतं. लाजेपायी ती म्हणते सगळं करतो, किंवा कुणीतरी बाहेर सांगितलेलं असतं की काहीच करत नाही सांग, टक्के वाढतील, पेन्शन बसेल. तिला तिच्या बोलीत, घाई न करता, चुलीजवळ बसून विचारल्यासारखं विचारलं तरच खरं बाहेर येतं. ५० टक्के की ७५ टक्के हे त्या दहा मिनिटांच्या बोलण्यावर ठरतं आणि चाळीस किंवा त्याच्या वर गेलं की सहा ते अठरा वर्षांचं मोफत शिक्षण, सवलती, सगळं त्यावर. एवढं मोठं काम आणि विचारणारा माणूस भाषा न समजणारा.

शिवाय २०१८ च्या नियमांत दाखला पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नवा करायला सांगितलं होतं. कारण पटतं, पोर बदलतं, पण दर वेळी मजुरी बुडवून जिल्ह्याला जायचं आणि बोर्डाचे डॉक्टर नाहीत म्हणून परत यायचं, हे नाही पटत.

तर मागणं एवढंच. बुद्धीची चाचणी घेणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या जागा भरा आणि त्यांना महिन्यातून ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बसवा, शिरपूर, साक्री, तळोदा, धडगाव, चोपडा, रावेर. सोबत पावरी, भिली, अहिराणी बोलणारी स्थानिक बाई मानधनावर द्या, आमच्या गावात बारावी झालेल्या कितीतरी मुली घरी बसल्यात. कानाची तपासणी झाल्याशिवाय बुद्धीचा आकडा लिहायचा नाही असा आदेश काढा. आणि उत्तर द्याल ते नुसतं वेबसाइटवर टाकू नका, आमच्याकडे रेंज नसते, प्रत्येक उपकेंद्राच्या फळ्यावर तारखेसकट लावा, जूनमध्ये पहिलीचे प्रवेश व्हायच्या आत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. शिरपूर, जि. धुळे