पक्याला पत्र: शेरूने कोय गिळली

पक्या,

मजेत ना? इकडे बरंय, माझी शुगर जरा वर आहे, सोड. होळीपासून फोन केला नाही म्हणून शिव्या नंतर घाल, आधी ऐक, ब्राउनीने सॉक्स गिळला तेव्हा रात्रभर तू बसला होतास म्हणून तुलाच सांगतोय.

शेरूने हापूसची कोय गिळली. अख्खी. बाबांनी चाटायला दिली, आणि हा लॅब्राडोर, चाटणं ह्याच्या खानदानात नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू, पाणी प्यायला की तेही बाहेर, शी बंद, पोटाला हात लावला की कुंईकुंई. बाबा म्हणे पित्त झालंय, गवत खाईल आणि होईल बरा. एक्सरेत कोय काही धड दिसेना, लाकूड कापड असलं सहसा दिसतच नाही म्हणे, नुसता अडलेला गॅस आणि फुगलेलं आतडं. मग सोनोग्राफीत सापडली, लहान आतड्यात बुचासारखी बसलेली. पोटातच असती तर दुर्बिणीने तरी निघाली असती, आतड्यात अडकली म्हणून पोट उघडावं लागलं. डॉक्टर म्हणाले घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानेच कुत्रं दगावू शकतं. बघ, काकूंनी ब्राउनीला पाजलं तेव्हा मी हेच ओरडत होतो आणि तू मला शहाणपट्टी म्हणालास. तो सॉक्स कोणाचा ते अजून ठरलेलं नाही, पण माझा नव्हता.

आता टाक्यांची धाकधूक. पहिले चार-पाच दिवस आतड्याचे टाके उसवायची भीती असते, उसवले की सगळी घाण पोटात. म्हणून मी रात्री उठून उठून त्याला बघतो. तर बाबा आधीच तिथे खुर्ची टाकून बसलेले. वर म्हणतात कोय त्याने कचऱ्यातून उचलली. दुपारी शेरूच्या गळ्यातला, टाके चाटू नये म्हणून घातलेला प्लास्टिकचा कोन काढून त्याची मान खाजवत होते, मी ओरडलो तर म्हणे घाम येतो रे त्याला. काय बोलणार?

फ्लॅटचं पझेशन मिळालं का? वहिनींची बदली? चिऊने पिल्लू आणलंय असं कळलं. सॉक्स, मक्याची कणसं, सुईदोरा वर ठेवा. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नकोस, आतडं आतून कापतं. रिमोटमधला बटणसेल गिळला तर उलटी काढू नकोस, सरळ डॉक्टर गाठ, अन्ननलिका जळते.

फोन कर. रात्री एक वाजता केलास तरी उचलेन, आम्ही दोघंही जागेच असतो.

तुझा,
बंड्या