पणजोबांच्या दगडाबद्दल

प्रिय दिल्या,

तुझा बेत कळला. पणजोबांच्या कबरीवर काळं ग्रॅनाइट, भोवती सिमेंटचा ओटा, आणि तेही मृतांच्या दिवसाच्या, २ नोव्हेंबरच्या आत! पैसे पाठवू नकोस राजा. आत्ता तरी नको.

काहून, ते सांगतो. पावसाळा संपला की आपल्या कबरस्तानाच्या आवाराचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. गुडघाभर गवत, घाणेरीचं रान, शिवाय सापांची भीती. कबरींजवळचं गवत आम्ही विळ्यानंच कापतो. मशीनच्या दोरीनं मऊ दगडाच्या कडा उडतात. पिंपळाची रोपं उपटायची नाहीत हेही पोरांना सतरा वेळा सांगावं लागतं, कारण मूळ ओढलं की सोबत चबुतराही येतो. वरून कापायचं, फुटवे आले की पुन्हा कापायचं.

त्यानंतर खरं काम. टेप लावून नकाशा काढायचा आणि प्रत्येक कबरीला नंबर द्यायचा. नुसता मातीचा उंचवटा असेल तरी त्यालाही नंबर, कारण गरिबाची कबर सगळ्यात आधी नाहीशी होते. दगडावरचा मजकूर ओळीला ओळ उतरवायचा, चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट. वाचता येत नाही ते अक्षर कोरं सोडायचं, अंदाजानं भरायचं नाही. उत्तरेकडे तोंड केलेल्या दगडावर ऊन फारसं येत नाही, म्हणून एकानं आरसा धरून प्रकाश तिरपा पाडायचा. एकदम अक्षरं उठतात बघ! खडू घासायचा नाही, तारेचा ब्रश नाही आणि ॲसिड तर मुळीच नाही. संगमरवर ॲसिडनं फसफसून विरघळतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. आपल्या लोकांची खरी अडचण चुन्याची आहे. दरवर्षी मृतांच्या दिवसासाठी मायेनं पांढरा हात मारतात आणि नावंच बुजवून टाकतात.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो, जुना दगड का झाकायचा नाही ते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कबरींवरच्या लेखांची एक सरकारी यादी ओ. एस. क्रॉफ्टन यांनी १९३२ साली केली होती. आज पुसलेला एखादा दगड तिच्यात वाचायला मिळतो. पण तिचा भर युरोपियनांवर. नागपूरजवळची कामठीची छावणी तेव्हा इंग्रजांच्या मद्रास सैन्याची, त्यामुळे तिथल्या गोऱ्या शिपायांच्या दफनाच्या नोंदी मद्रासमार्गे लंडनला गेल्या आणि टिकल्या. मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ला नागपुरात आले, १८६३ला टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले, हे कुठंही सापडेल. त्यांच्या नावाचं कॉलेजच आहे. पण त्या काळी बाप्तिस्मा घेतलेली आपली मराठी माणसं? त्यांच्यासाठी चर्चचं रजिस्टर, तेही वाळवीनं सोडलं असेल तर, आणि देवनागरीत कोरलेला हा दगड.

पणजोबांच्या दगडावर ‘प्रभूच्या ठायी निजले’ एवढं स्पष्ट वाचता येतं. खालच्या ओळीत वय आहे, ते रजिस्टरमधल्या वयाशी जुळत नाही. आम्ही दोन्ही लिहून ठेवलीत. कोण खरं, ते ठरवायची घाई मला नाही. पण ग्रॅनाइट बसलं की त्यावर तू एकच आकडा कोरशील, आणि दुसरा कायमचा गेला. वर सिमेंटही दगडाला मारक आहे. ओल बाहेर पडत नाही, क्षार आतच साचतात आणि पापुद्रे सुटतात. सांधे चुन्यातच भरायला हवेत. तसा गवंडी शोधतोय. मिळाला की तुझ्याकडून हक्कानं पैसे मागीन.

तोवर एक काम कर. तुझ्या आत्याबाईंकडे जुनं बायबल आहे ना? त्याच्या पहिल्या पानावर घरातल्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेले असायचे. त्या पानाचा उजेडात नीट फोटो काढून पाठव. आणि पणजीची कबर कुठल्या बाजूला होती, तेही त्यांनाच विचार. पणजोबांच्या उजवीकडे एक बिनदगडाचा उंचवटा आहे, तिथं मी सध्या नुसता नंबर टाकलाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. पुण्याहून येताना बाकरवडी नको. मोठा आरसा आण, आमचा फुटलाय.